हरलेल्यांची पुस्तिकाही घ्या

('जुना कागद' या सदरातली वाचकांची पत्रं आणि आमच्या निवृत्त मुद्रितशोधक लेखिकेची उत्तरं)

या वेळच्या पत्रांत राज्यक्रांत्यांच्या काळातल्या राजकीय पुस्तिकांबद्दल इतकी विचारणा होती की बाकीचे विषय पुढे ढकलले. अमेरिका, फ्रान्स आणि त्यांच्या अनुषंगाने थोडं इंग्लंड, एवढ्यापुरतीच उत्तरं दिली आहेत. पत्रं काटछाट करून छापली आहेत. एका पत्रात निम्मी पानं माझ्या स्तुतीची होती. ती मी एकटीनेच वाचली.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. शाळेत असल्यापासून फ्रेंच आणि अमेरिकन राज्यक्रांतीचं वेड आहे. आता हातात दोन पैसे आहेत, तर त्या काळातली एक तरी अस्सल पुस्तिका घरात असावी असं वाटतं. थॉमस पेनच्या 'कॉमन सेन्स'ची पहिली आवृत्ती मिळवायची तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : ती न घेण्यापासून करा. अमेरिकेने इंग्लंडच्या राजापासून स्वतंत्र व्हावं असं सांगणारी ही पुस्तिका १० जानेवारी १७७६ ला फिलाडेल्फियाचा मुद्रक रॉबर्ट बेल याने दोन शिलिंगांना विकायला काढली. आज त्या छपाईची धड प्रत लिलावात आली की बोली लाखो डॉलरांत जाते. ती घेणारे लोक बँकेत नोकरी करत नाहीत, बँका विकत घेतात. पण मी नको म्हणते ते केवळ किमतीपायी नाही.

त्या पुस्तिकेची हकिगत ऐका. पहिल्या छपाईवर लेखकाचं नाव नव्हतं. प्रती हातोहात खपल्या. पेनने आपल्या वाट्याचा नफा मागितला. कॅनडातल्या क्वेबेककडे चढाईला निघालेल्या अमेरिकन सैनिकांना त्यातून हातमोजे घेऊन द्यायचे असं त्याच्या मनात होतं. बेल म्हणाला, नफा कसला, काहीच उरलं नाही. पेन चिडला. मजकुरात भर घालून तो ब्रॅडफर्ड या दुसऱ्या मुद्रकांकडे गेला आणि किंमत निम्म्यावर आणायला लावली. इकडे बेलने आपल्याच अधिकारात 'दुसरी आवृत्ती' काढली, वर 'एका इंग्रजाने लिहिलेली' अशी ओळ टाकली. पुढे ब्रॅडफर्डांच्या आवृत्तीतली भरही उचलून छापली. लेखक आणि मुद्रक दोघंही वर्तमानपत्रांतून एकमेकांची उणीदुणी काढत होते. तेवढ्यात मार्च महिन्यात पेनला झोडपून काढणारी 'प्लेन ट्रुथ' ही पुस्तिका 'कँडिडस' या टोपणनावाने बाजारात आली. लेखक मेरीलँडचा जेम्स चाल्मर्स. प्रकाशक कोण? रॉबर्ट बेल.

ही सगळी गंमत काचेच्या पेटीत ठेवलेल्या एका प्रतीत दिसत नाही. त्या काळातली पुस्तिका म्हणजे चालू भांडणातलं एक वाक्य. एकट्याच बाजूची पुस्तिका घेऊन बसणं म्हणजे टेलिफोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसून संभाषण ऐकण्यासारखं आहे. म्हणून माझा हट्ट असा की संग्रह नावांचा करू नका, वादाचा करा. एक वाद निवडा, आणि त्यातली बाजू, प्रतिबाजू, तिला उत्तर, त्या उत्तराला पुन्हा उत्तर, असं जमेल तसं जमवत जा.

न्यूयॉर्कचं उदाहरण देते. १७७४ च्या अखेरीस 'वेस्टचेस्टरचा शेतकरी' अशी सही करणाऱ्या एकाने अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने इंग्लंडशी व्यापार तोडण्याचे जे ठराव केले त्यांवर टीका करणारी पुस्तिका काढली. हा शेतकरी म्हणजे सॅम्युएल सीबरी नावाचा पाद्री. शेताशी त्याचा संबंध किती होता ते सोडा, पण सामान्य शेतकऱ्याला काय टोचेल हे त्याला नेमकं कळत होतं. त्याला 'अ फुल व्हिंडिकेशन' या पुस्तिकेने उत्तर दिलं ते अलेक्झांडर हॅमिल्टनने, तेही निनावी. तो तेव्हा कॉलेजात शिकणारा पोरगा होता. सीबरीने उलट उत्तर दिलं. हॅमिल्टनने १७७५ मध्ये त्यालाही 'द फार्मर रिफ्यूटेड' हे लांबलचक उत्तर दिलं. या वादाच्या दोन्ही बाजू जेम्स रिव्हिंग्टनच्या एकाच छापखान्यातून बाहेर पडल्या. रिव्हिंग्टनला इंग्लंडच्या राजाचा निष्ठावंत म्हणून शिव्या बसत, आणि नोव्हेंबर १७७५ मध्ये जमावाने त्याचा छापखाना मोडला. सीबरीच्या पुस्तिका जिथे सापडतील तिथे जाळल्या गेल्या.

हरलेल्या बाजूचा कागद असा आधीच जळून कमी झालेला. तरी बाजारात सीबरी हॅमिल्टनपेक्षा स्वस्त, कारण नंतर डॉलरच्या नोटेवर छापला गेला तो हॅमिल्टन. तुम्ही बँकेतले आहात, तुम्हाला हे मी काय सांगावं!

आता खिशाचं बघू. पहिली खरेदी फ्रेंच करा. जुलै १७८८ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने इस्टेट्स जनरल ही तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा कशी भरवावी याबद्दल मतं मागवली आणि पुस्तिकांचा पूरच आला. जून १७८९ मध्ये पॅरिसमध्ये असलेला इंग्रज प्रवासी आर्थर यंग लिहून ठेवतो की आज तेरा निघाल्या, काल सोळा, गेल्या आठवड्यात ब्याण्णव. त्याच्या अंदाजाने वीसातल्या एकोणीस स्वातंत्र्याच्या बाजूच्या. म्हणजे विसावी कुठली शोधायची ते तुम्हाला कळलंच. पुढे राष्ट्रीय सभा आणि नंतरची कन्व्हेन्शन या क्रांतिकाळातल्या फ्रेंच संसदांत झालेली भाषणं, अहवाल, हुकूम हे सगळं 'सभेच्या आज्ञेवरून छापलेलं' असं पुस्तिकेच्या रूपात निघत असे. सभेचा मुद्रक बोदुअँ याच्या नावाचे असे आठपानी, सोळापानी कागद अजूनही भरपूर मिळतात, आणि एका चांगल्या नव्या पुस्तकाच्या आसपासच्या पैशांत मिळतात. विषय कधी धान्याचे भाव, कधी वजनमापं, कधी एखाद्या जिल्ह्याची हद्द. कंटाळवाणे वाटतील. मला तेच आवडतात. गिलोटीनच्या काळात कोणीतरी मापाच्या पायलीवर बारा पानं बोलत होतं, हे वाचताना फार बरं वाटतं.

प्रश्न : आमच्या मोठ्या काकांच्या ट्रंकेत 'अल्स्टर काउंटी गॅझेट' या अमेरिकन वर्तमानपत्राचा ४ जानेवारी १८०० चा अंक निघाला. काळ्या चौकटी आहेत, जॉर्ज वॉशिंग्टनच्या मृत्यूचा मजकूर आहे, कागद पिवळा पडून कडांना तुटतो आहे. पुस्तिका नाही, पण काळ तोच. हा अस्सल आहे का?

उत्तर : वाईट वाटून घेऊ नका, जवळजवळ नक्कीच नाही. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ ला गेला आणि किंग्स्टनच्या या छोट्या पत्राने ते छापलं, इथवर खरं. पण या एका अंकाच्या नकला एकोणिसाव्या शतकात पुन्हापुन्हा निघाल्या, जत्रांत आणि प्रदर्शनांत आठवण म्हणून विकल्या गेल्या, आणि जगभरच्या ट्रंकांत जाऊन बसल्या. विचारणा इतकी होत असे की लायब्ररी ऑफ काँग्रेसला या अंकासाठी वेगळं माहितीपत्रक काढावं लागलं. अस्सल प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय, 'कडांना तुटतो आहे' असं लिहून. लोक उलटं समजतात, कागद जितका पिवळा आणि ठिसूळ तितका जुना असं त्यांना वाटतं. अठराव्या शतकातला कागद चिंध्यांचा, तागाच्या आणि सुती कापडाच्या लगद्याचा. तो मळतो, डागाळतो, पण सव्वादोनशे वर्षांनंतरही बोटांत कापडासारखा लवचीक लागतो. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पसरला. तुकडे पडतात ते त्याचे. तुमच्या काकांचा कागद तिथलाच असावा.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण हा प्रश्न दर वेळी येतो. पान उजेडासमोर धरा. हातकागदात जवळजवळच्या रेघांची जाळी दिसते आणि तिला छेदणाऱ्या थोड्या दूरदूरच्या रेघा. कधी जलचिन्हाचा अर्धा तुकडाही दिसतो, कारण ताव घडी घालताना तो मधोमध जातो. गुळगुळीत, बिनरेघांचा कागद इंग्लंडमध्ये १७५७ पासून छपाईत आलेला होता, त्यामुळे रेघा नाहीत म्हणजे लगेच नकली असंही नाही. मग पान उलटं करून बोट फिरवा. खिळ्यांनी छापलेल्या कागदाला दाब असतो, मागच्या बाजूला उंचवटे हाताला लागतात. दगडावरून किंवा फोटोवरून काढलेली नक्कल सपाट असते. अल्ट्राव्हायोलेट दिवा मिळाला तर अंधारात धरा. निळसर पांढरा उजेड मारला तर त्या कागदात विसाव्या शतकातली शुभ्रता आणणारी रसायनं आहेत आणि विषय संपला.

मी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे माझा भरवसा मजकुराच्या मांडणीवर जास्त. शब्दाच्या मधला एस हा एफसारखा लांब दिसतो का? तो १८०० च्या आगेमागे छपाईतून गेला. पानाच्या तळाला पुढच्या पानाचा पहिला शब्द आगाऊ छापलेला आहे का? फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या एकेका तावाच्या तळाला क्रमासाठी छापलेली, अक्षरं ए, बी, सी अशी जातात का? त्या क्रमात आय आणि जे यांतलं एकच, यू आणि व्ही यांतलं एकच, आणि डब्ल्यू गायब; जुळाऱ्यांची वर्णमाला तेवीस अक्षरांची होती. नकला करणारे एस लांब काढतात, पण तळाच्या या अक्षरांत गडबडतात. तुमच्या अंकात फर्मे नाहीत, तो घडीचा ताव आहे. पुस्तिकेत मात्र हे आधी बघा.

अंक फेकू नका. काकांनी तो जपला, एवढी किंमत त्याला आहेच.

प्रश्न : माझ्याकडच्या फ्रेंच पुस्तिकेवर इसवी सन नाही. नुसतं 'लाँ २', म्हणजे 'वर्ष दुसरं', एवढंच आहे. विक्रेता म्हणतो १७९४. मजकुरात मात्र जानेवारीत राजाला दिलेल्या देहदंडाचा उल्लेख 'नुकताच' असा आहे. कोणाचं खरं?

उत्तर : मजकुराचं. शाब्बास, असं वाचायला हवं.

विक्रेत्याने सरळ कोष्टक लावलं. प्रजासत्ताकाची कालगणना २२ सप्टेंबर १७९२ पासून, म्हणून दुसरं वर्ष सप्टेंबर १७९३ ते सप्टेंबर १७९४. पण ही कालगणना आणि तिचे महिने कन्व्हेन्शनने स्वीकारले ते ऑक्टोबर १७९३ मध्ये. त्याआधी काही महिने वेगळाच हिशेब चालला होता. १७९३ च्या जानेवारीत असं ठरलं की १ जानेवारी १७९३ पासूनच प्रजासत्ताकाचं दुसरं वर्ष धरायचं. त्यामुळे मार्च १७९३ च्या कागदावरही 'दुसरं वर्ष' सापडतं. सोळाव्या लुईला २१ जानेवारी १७९३ ला मारलं. तुमची पुस्तिका त्या वसंतातली असणार. शेवटच्या पानावर महिन्याचं नाव शोधा. मार्च, एप्रिल असेल तर जुना हिशेब. जेर्मिनाल, फ्लोरेआल असं असेल तर नवा, आणि मग विक्रेता बरोबर.

याआधीची आणखी एक भानगड आहे. 'स्वातंत्र्याचं चौथं वर्ष' असं दिसलं तर ते १७९२, कारण स्वातंत्र्याची मोजणी १७८९ पासून. काही कागदांवर 'स्वातंत्र्याचं चौथं आणि समतेचं पहिलं' अशी दुहेरी तारीख येते. ती १० ऑगस्ट १७९२ ला राजवाडा पडल्यानंतरची. म्हणजे नुसती तारखेची ओळ वाचून छापणाऱ्याचं राजकारणही कळतं.

गावाच्या नावावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. १७८९ च्या आधी 'लंडन येथे' असं छापलेल्या कितीतरी पुस्तिका पॅरिसमध्येच जुळवल्या होत्या. सेन्सॉरला चकवायचं, एवढाच हेतू. कागदाचं जलचिन्ह फ्रेंच आणि गाव लंडन असेल तर जलचिन्ह खरं बोलतंय.

प्रश्न : एका लिलावात १७८९-९० मधल्या वीस-बावीस पुस्तिका एकत्र बांधलेला चामडी खंड मिळतो आहे. मला त्यातल्या तीनच हव्यात, त्यात सामान्य जनतेची बाजू मांडणारी सिएसची 'तिसरा वर्ग म्हणजे काय?' आहे. खंड सोडवून बाकीच्या विकल्या तर पैसे निघतील. करावं का?

उत्तर : नाही.

एवढ्यावर थांबणार होते, पण कारण द्यायला हवं. या पुस्तिका विकल्या जात तेव्हा त्यांना पुठ्ठा नसे. कडेला भोकं पाडून दोऱ्याने टाचलेले, कडा न कापलेले कागद असत ते. ज्याने ते जपून, क्रम लावून, पैसे खर्चून एकत्र बांधून घेतले त्या माणसाने काहीतरी म्हटलेलं असतं. सिएसच्या जानेवारी १७८९ च्या पुस्तिकेशेजारी त्याने काय लावलं? त्याला विरोध करणारं लावलं की टाळ्या वाजवणारं? पुठ्ठ्याच्या आत हाताने लिहिलेली अनुक्रमणिका आहे का? समासात रेघा कुठे ओढल्या आहेत? खंड फोडलात की ते वाक्य संपलं. उरतील त्या पाठीवर गोंदाचे आणि चामड्याचे चट्टे असलेल्या सुट्या पुस्तिका. अशा बाजारात हजारो आहेत, आणि प्रत्येक कुठल्यातरी मोडलेल्या खंडातून आली आहे.

लंडनचा पुस्तकविक्रेता जॉर्ज थॉमसन याने १६४० पासून १६६१ पर्यंत, राजा आणि पार्लमेंट यांच्या लढाईच्या सगळ्या धामधुमीत, समोर येईल तो छापील कागद घेतला. दोन्हीकडचा, कुठलाही. सुमारे बावीस हजार नग. बऱ्याच नगांवर मिळाल्याची तारीख त्याने हाताने घातली आहे. म्हणून अमुक महिन्यात आधी कोण बोललं आणि मग कोणी उत्तर दिलं हे आज सांगता येतं. राजा पहिल्या चार्ल्सने त्याच्याकडून एक पुस्तिका वाचायला मागवली आणि ती राजाच्या हातून चिखलात पडली. थॉमसनने ते नोंदवून ठेवलं. १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्जने हा संग्रह तीनशे पौंडांना घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिला. कोणी त्यातले 'महत्त्वाचे' तेवढे निवडून बाकी विकले असते तर?

फिलाडेल्फियाचा प्येर एजेन द्यु सिमितियेर मला याहून जवळचा वाटतो. जिनिव्हात जन्मलेला चित्रकार, पैसा बेताचाच, पण क्रांतीच्या वर्षांत शहरात निघालेली पत्रकं, भित्तिपत्रकं, पुस्तिका सारखा गोळा करत राहिला. १७८४ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी त्याचा संग्रह विक्रीला निघाला तेव्हा तिथल्या 'लायब्ररी कंपनी' या ग्रंथालयाने त्यातला मोठा भाग घेतला. यातले कितीतरी कागद दुसऱ्या कोणी ठेवलेच नसते. त्या काळी ती रद्दीच होती.

तुमचा खंड अख्खा घ्या. तीन हव्या आहेत म्हणता ना, बाकीच्या वाचून बघा. सहा महिन्यांनी मला लिहा, तिघींतली एखादी कमी आवडायला लागली असेल.

प्रश्न : पानं फाटू नयेत म्हणून पुस्तिका लॅमिनेट करून घेतली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. सेलोटेपही नको. आम्लरहित कागदाची घडी किंवा स्वच्छ पॉलिएस्टरचं पाकीट, आडवं ठेवायचं, उन्हापासून आणि दमट भिंतीपासून लांब. कडा सारख्या करून घ्यायचा मोह होईल, तोही आवरा. न कापलेली कड ही त्या पुस्तिकेची मूळ अवस्था आहे. कसर लागल्याचा संशय असेल तर बाकीच्या कागदांपासून आजच वेगळी करा आणि औषध फवारू नका, जाणकाराला दाखवा.

प्रश्न : यातलं बहुतेक सगळं आता पडद्यावर फुकट वाचता येतं. मग मूळ कागदाचा अट्टहास का? हा श्रीमंतांचा हव्यास नाही का?

उत्तर : थोडा आहे. वाचण्यासाठी विकत घ्यायची गरज नाही, हे मी स्वतःच सांगते. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने फ्रेंच राज्यक्रांतीच्या तीस हजारांहून जास्त पुस्तिका स्कॅन करून खुल्या केल्या आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गॅलिका' तर आहेच. तिथे वर्षभर वाचा, मग घ्यायचं की नाही ते ठरवा. बऱ्याच जणांची हौस वाचनानेच भागते आणि पैसे वाचतात.

पण स्कॅन हे एका प्रतीचं असतं, आणि या पुस्तिकांची दुसरी प्रत बहुतेक वेळा वेगळं काही सांगते. लंडनच्या जॉन ऑल्मनने १७७६ मध्येच 'कॉमन सेन्स' छापली. राजाबद्दलची जहाल वाक्यं तशीच छापली तर खटला ठरलेला. म्हणून त्याने ती गाळली, आणि गाळली ती लपवून नाही. जागा कोऱ्या सोडल्या. वाचकांनी काय केलं? ज्याला मूळ मजकूर मिळाला त्याने त्या कोऱ्या जागांत शाईने शब्द भरले. ऑल्मनच्या काही प्रती अशा भरलेल्या मिळतात, काही तशाच कोऱ्या. मुद्रकाने पळवाट ठेवली आणि गुन्हा वाचकाच्या हस्ताक्षरात झाला! माझ्या धंद्यात कोरी जागा म्हणजे चूक. इथे तीच कोरी जागा सगळ्यात बोलकी. आणि याच ऑल्मनने 'प्लेन ट्रुथ'ही छापली आणि दोन्ही एकत्र विकल्या. माझा हट्ट त्याला अडीचशे वर्षांपूर्वी कळला होता म्हणायचा.

आकाराचंही तसंच. पडद्यावर सगळी पानं एकाच मापाची दिसतात. जहाल क्रांतिकारक जाक एबेरचं 'पेर द्युशेन' हे पत्र हातात घेतलं तर कळतं की ते आठच पानांचं आहे, म्हणजे अर्धा ताव. घडी घालून खिशात जातं, सैन्याच्या छावणीत हातोहात फिरतं. वर चिलीम ओढणाऱ्या, कुऱ्हाड उगारलेल्या म्हाताऱ्याचा लाकडी ठसा, कारण त्याच नावाने दुसरे लोकही पत्रं काढत होते आणि वाचकाला आपला म्हातारा लांबून ओळखू यायला हवा होता. मजकूर शिव्यांनी भरलेला. मार्च १७९४ मध्ये एबेरलाच गिलोटीनवर चढवलं. माझ्याकडे त्याचा एक अंक आहे, कागद घडीवर झिजून आरपार झाला आहे. कोणीतरी तो उघडमीट करून वाचला, बहुधा अनेकांना वाचून दाखवला. कोरी करकरीत प्रत जास्त किमतीला जाते. मला ती दिली तर मी बदलून ही झिजलेलीच मागेन.

प्रश्न : गुंतवणूक म्हणून कशा?

उत्तर : वाईट. सोनं घ्या.

प्रश्न : ताई, मी इतिहासात एम.ए. करते आहे. या सगळ्या यादीत पुरुषच पुरुष आहेत. बायका पुस्तिका लिहीत नव्हत्या का? लिहीत असतील तर सापडतील कशा?

उत्तर : लिहीत होत्या, छापतही होत्या. आणि तू विचारलंस ते बरं केलंस, कारण निनावीपणाच्या पडद्यामागे सगळ्यात जास्त लपून राहिल्या त्या बायकाच.

छापण्यापासून सुरुवात कर. थॉमस जेफरसनचं 'अ समरी व्ह्यू' १७७४ मध्ये विल्यम्सबर्गला छापलं गेलं. लेखकाचं नाव नाही, पण मुद्रकाचं आहे : क्लेमेंटिना रिंड. नवरा १७७३ मध्ये गेल्यावर तिने छापखाना आणि वर्तमानपत्र दोन्ही चालवलं, व्हर्जिनियाची सरकारी छपाई मिळवली, आणि जेफरसनची ही पुस्तिका छापून झाल्यावर काही आठवड्यांतच वारली. बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गोडार्डने स्वातंत्र्याचा जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट छापला, जानेवारी १७७७ मध्ये, आणि तळाला आपलं नाव घातलं. त्या वेळी अशा कागदाखाली नाव घालणं म्हणजे काय, ते इंग्रज जिंकले असते तर कळलं असतं. म्हणून माझं सांगणं, शीर्षकपानाची सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची सवय लाव.

लिहिण्याचं बघ. १७८८ मध्ये बॉस्टनला 'कोलंबियन देशभक्त' अशा सहीने नव्या राज्यघटनेवर टीका करणारी पुस्तिका निघाली. दीडशे वर्षं ती एल्ब्रिज गेरी या राजकारण्याच्या नावावर खपली. विसाव्या शतकात एका जुन्या पत्रातून उलगडलं की ती मर्सी ओटिस वॉरनने लिहिली होती. तीही हरलेल्या बाजूची बरं का! घटना मंजूर झालीच. इंग्लंडमध्ये एडमंड बर्कने नोव्हेंबर १७९० मध्ये फ्रेंच क्रांतीवर झोड उठवली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पहिलं मोठं उत्तर बाहेर पडलं, निनावी. दुसऱ्या आवृत्तीवर नाव आलं : मेरी वुलस्टनक्राफ्ट. तुला जमवायचाच असेल तर हाच वाद घे. बर्क, वुलस्टनक्राफ्ट, मग १७९१ मध्ये पेनचं 'राइट्स ऑफ मॅन', आणि मे १७९२ मध्ये राजद्रोही लेखनाविरुद्धचा राजाचा जाहीरनामा. बर्कच्या नंतरच्या छपाया बऱ्याच निघाल्या, त्या आवाक्यात असतात.

आणि फ्रेंच लेखिका ओलांप द गूज. तिचा स्त्रीहक्कांचा जाहीरनामा सप्टेंबर १७९१ चा, राणीला उद्देशून. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, मग व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असं त्याच्या दहाव्या कलमात आहे. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिला पहिला हक्क मिळाला. तिला पकडलं होतं एका भित्तिपत्रकापायी. तिची मूळ छपाई विकत घ्यायचा विचार तू आणि मी दोघींनी सोडून द्यायचा. तिच्या काळात तिची टिंगल करणारे जे कागद निघाले, ते शोध. कोणी घेत नाही ते. तिचं म्हणणं लोकांना कुठे झोंबलं हे त्यांतून जितकं कळतं तितकं तिच्या चाहत्यांच्या लेखांतून कळत नाही.

शोधायचं कसं, तर ग्रंथालयांच्या सूचीत लेखकाच्या नावाने शोधू नकोस. अमेरिकेत १८०० पर्यंत छापलेल्या मजकुराची चार्ल्स एव्हान्सने सुरू केलेली वर्षवार जंत्री आहे, आणि इंग्रजी मजकुरासाठी १८०० पर्यंतची मोठी एकत्रित सूची खुली आहे. तिथे मुद्रकाच्या नावाने शोधता येतं. 'अमक्याची विधवा' असं दिसलं की थांब.

प्रश्न : परदेशी विक्रेत्याच्या यादीत १७६५ ची, अमेरिकन वसाहतींवर छापील कागदांचा कर लादणाऱ्या ब्रिटिश स्टँप ॲक्टच्या विरोधातली पुस्तिका चांगल्या किमतीत आहे. शीर्षकपानावर एका ग्रंथालयाचा शिक्का आहे. घेऊ का?

उत्तर : आधी विक्रेत्याला विचारा, ही ग्रंथालयातून बाहेर कशी आली? ग्रंथालयं जादा प्रती रीतसर विकतात, यात गैर काही नाही. पण मग बहुधा 'जादा प्रत' किंवा 'काढून टाकली' असा दुसरा शिक्का असतो, नाहीतर विक्रीचा कागद असतो. यांतलं काही नसेल आणि विक्रेता 'फार जुनी गोष्ट आहे' एवढंच म्हणत असेल, तर पैसे पाठवू नका. शिक्का खरवडलेला किंवा त्या जागी कागद चिकटवलेला दिसला तर विचारायचीही गरज नाही. त्या ग्रंथालयाला सरळ पत्र लिहा, शिक्क्याचा फोटो, पुस्तिकेचं नाव आणि मुद्रकाचं नाव द्या. ते नोंदवही बघून कळवतात. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात दुसऱ्या कोणी ती घेतली तर घेऊ दे. आणि ती वसाहतींच्या बाजूने लिहिलेली आहे, तर तिच्याबरोबर पार्लमेंटच्या कराच्या समर्थनाची लंडनमध्ये छापलेली एखादी पुस्तिका त्याच विक्रेत्याकडे आहे का, तेही विचारून घ्या.